धाकटीचा अंगठा

११ फेब्रुवारी

दादांना नमस्कार.

चार वेळा फोन केला. तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर ‘हो, हो, बरं आहे’ म्हणून ठेवून देता. शेवटी कागद घेतला. छापखान्यात बाइंडिंग करणाऱ्याला कागदाची ददात नाही, एवढं एक सुख आहे.

तुमच्या धाकट्या बहिणीला आता आठवड्यातून तीनदा मशीनवर न्यावं लागतं. मूत्रपिंडं रक्त गाळत नाहीत, ते काम मशीन करतं. इस्पितळ अडतीस किलोमीटरवर आहे आणि मशीन मिळतं सकाळी साडेसातला. आजवर सहाची बस होती. ती एक एप्रिलपासून बंद होतेय, तशी पाटी स्टँडवर लागली. पुढची बस साडेआठला. दुसरा मार्ग म्हणजे इस्पितळाजवळ खोली घेऊन राहणं. मग माझं काम सुटतं, आणि काम सुटलं की बाकीचंही सुटत जातं.

म्हणून मी आपली जुनी गाडी उघडली. चार वर्षं पत्र्याखाली ताडपत्री पांघरून उभी आहे. चाकं बसलीत, आणि उंदरांनी प्लगच्या वायरी कुरतडून टाकल्यात. त्या सगळ्या मी उपटून फेकल्या आणि नव्या आणल्या. बॅटरी चार्जिंगला दिलीय. पण इंजिन इतकी वर्षं फिरलेलं नाही, तेव्हा चावी मारायची हिंमत होत नाही. नऊ वर्षांपूर्वी तुम्हीच ते आमच्या दारात पूर्ण उघडून बांधलं होतं. त्यानंतर तुम्ही या घरी आला नाहीत. माझ्याकडून काही वेडंवाकडं बोललं गेलं असेल तर पोटात घाला. दोन दिवस या. तुमच्या हाताला ते इंजिन ओळखेल.

ही बरी आहे. बरी म्हणजे, विचारलं की बरी आहे म्हणते.

तुमचा,
बुवा

(तुम्हीच ठेवलेलं नाव आहे. आता छापखान्यातही तेच चालतं.)

१७ फेब्रुवारी

बुवा,

पत्र पोचलं. तुम्ही काही बोललेलं नाही. तुम्ही वेडंवाकडं बोलायला लागलात तर मी खास ऐकायला येईन.

माझे गुडघे गेलेत. बसलो की उठवायला माणूस लागतो, त्यामुळे येणं होत नाही. लिहितो तसं करा, जमेल. पुस्तक शिवू शकतो त्याला इंजिन जड नाही. फक्त इथे चूक झाली तर खोडायला रबर नाही.

चावी मारू नका हे बरोबर. चारी प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि तीन दिवस विसरून जा. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पुढून हँडल लावा आणि हळू फिरवा. अडलं तर जोर करायचा नाही. थोडं मागे, थोडं पुढे, रुसलेल्या माणसाची समजूत काढतात तसं. मोकळं फिरायला लागलं की अर्धी लढाई झाली.

आता टायमिंग. रेडिएटरकडचा सिलिंडर एक नंबर. पिस्टन वर येतो दोन वेळा: एकदा हवा दाबून, एकदा धूर बाहेर ढकलून. ठिणगी पडायला हवी हवा दाबतानाच. ते ओळखायचं अंगठ्याने. एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला हँडल फिरवू द्या. हवेने अंगठा ढकलला की तोच तो दाब. तिथून पुलीवरची खूण समोरच्या टोकाशी आणून थांबा. मग ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. आत रोटर असतो, तो तोंड करील त्या वायरीला ठिणगी जाते. ती वायर एक नंबरच्या प्लगला. पुढच्या वायरी क्रमाने: एक, तीन, चार, दोन. कुठली वायर कॅपवरच्या कुठल्या खुंटीला, त्याचं चित्र गाडीच्या पुस्तकात आहे.

जुन्या वायरी फेकण्याआधी खुणा केल्या होत्यात का? नसतीलच. असो.

धाकटीला म्हणावं, मीठ कमी खा आणि नवऱ्याचं डोकं कमी खा.

दादा

२६ फेब्रुवारी

दादांना नमस्कार.

इंजिन फिरलं. ऑइल चार दिवस मुरू दिलं, कारण तीन दिवसांनी मला धीर झाला नाही. पहिल्या दिवशी हँडल जेमतेम बोटभर हललं. दुसऱ्या दिवशी वीतभर. मी रोज कामावर जाण्याआधी देवाचं नाव घेऊन हँडलला हात घालत होतो. तिसऱ्या दिवशी एकदम सैल झालं आणि मी पत्र्यावर जाऊन आपटलो. घरातून ही म्हणाली, “तुम्ही फिरलात की इंजिन?”

मग टायमिंग. इथे मात्र अडलोय. तुम्ही सांगितलंत तसं अंगठ्याने दाब ओळखला, पुली खुणेवर आणली. कॅप काढून बघतो तर रोटरचं तोंड पुस्तकातल्या चित्राच्या बरोबर उलट! चित्रात एक नंबरची खुंटी इंजिनाच्या बाजूला दाखवलीय, आणि रोटर बघतोय मडगार्डकडे. हँडल आणखी एक पूर्ण फेरा फिरवलं, तर रोटर चित्राप्रमाणे आला, पण मग अंगठ्याला हवा लागत नाही. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच.

अंगठा एक सांगतो, पुस्तक दुसरं. दोघांपैकी कोणाचं ऐकू? तुम्ही सांगाल ते करीन. वायरी अजून जोडलेल्या नाहीत.

परवा मशीनवर हिला थंडी भरून आली. नर्स चांगली आहे, तिने दोन ब्लँकेटं घातली. परतीच्या बसमध्ये उभ्याने आलो. जागा द्यायला कोणी उठलं नाही, आणि मागायला हिने मला दिलं नाही.

बुवा

३ मार्च

बुवा,

पुस्तकाचं ऐका. पुस्तक कारखान्यातल्या लोकांनी लिहिलंय. अंगठा चुकतो, त्यात कागद मोजणाऱ्याचा अंगठा. सवय नसलेल्या माणसाला हवा लागल्याचा भास होतो. रोटर चित्राप्रमाणे आणा आणि वायरी चित्राप्रमाणे जोडा.

तरी नाही झालं तर सोडून द्या. गाडी आता भंगारातच शोभेल. जुन्या इंजिनाच्या मागे लागून तब्येत घालवू नका. इस्पितळाजवळ खोली बघा, तेच शहाणपणाचं.

दादा

९ मार्च

दादांना नमस्कार.

तुमच्या शब्दाप्रमाणे केलं. पुस्तकाप्रमाणे रोटर, पुस्तकाप्रमाणे वायरी. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून पुसून घेतले, पेट्रोल नवं भरलं. चावी मारली. इंजिन चार वेळा खोकलं आणि कार्ब्युरेटरमधून भक्कन जाळ वर आला. मी नेमका वाकून बघत होतो. डावी भुवई गेली. छापखान्यात सगळे विचारतात, बुवा, अर्धा संन्यास का? आणखी तीन दिवस प्रयत्न केला. खोकला, जाळ, खोकला, जाळ. मग बॅटरी बसली.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली, ती आता लिहितो. अंगठा माझा नव्हता. मी पुढे हँडल फिरवत होतो. ही स्टूल घेऊन शेजारी बसली होती आणि भोकावर अंगठा तिचा होता. ती म्हणाली, “सरका, हे काम माझं आहे. दादाच्या गॅरेजात आठव्या वर्षापासून हेच करत होते. तो हँडल मारायचा आणि मी अंगठा लावायची. दादा म्हणायचा, हिचा अंगठा असताना मला घड्याळ नको.” त्या दिवशी ती किती तरी दिवसांनी खुशीत होती. सहाही वेळा ‘आता!’ म्हणून अशी ओरडली की शेजारीण डोकावून गेली.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. नको होतं दाखवायला. अंगठा चुकतो, हे वाक्य आल्यावर ती उठून खिडकीशी गेली. नंतर बघतो तर आपला हात उजेडात धरून बसलेली. डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की या आजारात हातापायांची बोटं बधिर होऊ शकतात. म्हणाली, “म्हणजे तिथपर्यंत आलंय. मला कळलंसुद्धा नाही. दादा चुकीचं सांगणार नाही.”

मी म्हटलं, दादांना ठाऊक नव्हतं अंगठा तुझा होता. म्हणाली, “नसू दे ठाऊक. हवा कोणाला ओळखून थोडीच लागते?”

शुक्रवारी ती मशीनवर गेली नाही. म्हणाली, आठवड्यातून दोनदा पुरे, बसही बंद होतेय, सवय करून घेऊ. डॉक्टरांनी बजावलंय, तीनला दोन चालणार नाही, पाणी फुप्फुसात चढेल. मी विनवलं, रागावलो, गप्प बसलो. तिच्यावर कशाचाच उपयोग होत नाही. रविवारी तिचे पाय सुजून चप्पल चढेना.

दादा, मी थकलोय. देवाकडे गाऱ्हाणं करायची मला सवय नाही. त्याच्याकडे माझ्यापेक्षा मोठी गाऱ्हाणी असतील. म्हणून तुम्हाला लिहिलं. काही सुचत असेल तर कळवा.

बुवा

२४ मार्च

बुवा,

तुमचं पत्र येऊन अकरा दिवस झाले. रोज लिहायला बसलो आणि रोज उठलो. गुडघ्यांचं म्हणाल तर मी दिवसातून दहादा उठतो बसतो. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

धाकटीचा अंगठा बरोबर आहे. हे आधी तिला वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

नऊ वर्षांपूर्वी तुमचं इंजिन बांधताना डिस्ट्रिब्युटर फिरवणारा दांडा मी अर्धा फेरा उलटा बसवला. तो आतून गिअरमध्ये अडकतो, एकदा बसला की काढायला पुन्हा निम्मं इंजिन उघडायचं. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. तुम्ही चहा घेऊन शेजारी उभे होतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतात, दादांचं काम म्हणजे बघायला नको. मला लाज वाटली. मी चारी वायरी कॅपवर अर्धा फेरा सरकवून लावल्या. त्याने गाडीचं काही बिघडत नाही, ती तशी शंभर वर्षं चालेल. फक्त पुस्तकातलं चित्र त्या गाडीला लागू राहिलं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. कॅपवर खूणही केली नाही, कारण खूण केली असती तर कोणी तरी विचारलं असतं.

पहिल्या पत्राच्या वेळी मला हे आठवलं नाही, देवाशपथ. तुमचं दुसरं पत्र वाचलं, रोटर उलटा, तेव्हा मी जेवत होतो. घास तसाच राहिला. तरी मी लिहिलं, अंगठा चुकतो. वाटलं, गाडी सुरू होणार नाही, तुम्ही नाद सोडाल, खोली घ्याल आणि हे माझ्याबरोबर मिटेल. साठीतला माणूस असा विचार करतो.

तो दांडा का चुकला तेही लिहितो. मला ऐकू येईनासं झालं होतं. डावा कान आधी गेला, मग उजवा. बसल्या जागी दांडा खट्ट वाजतो. तो खटका ऐकून मी तीस वर्षं काम केलं. त्या दिवशी खटका आला नाही आणि मी अंदाजाने पुढे गेलो. तुमच्या गाडीनंतर मी एकही इंजिन उघडलं नाही, गॅरेज बंद केलं आणि सगळ्यांना गुडघे सांगितले. गुडघे गेलेल्याला लोक खुर्ची देतात. कान गेलेल्यासमोर ते तोंड वाकडं करून मोठ्याने बोलतात. फोनवर मी ‘हो, हो’ म्हणतो कारण पलीकडे काय चाललंय मला कळत नाही. धाकटीने मशीनचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाही मी म्हणालो, “हो, हो, बरं आहे.” ते काय होतं हे मला तुमच्या पत्रातून कळलं.

ती आठ वर्षांची असताना तो अंगठा मीच शिकवला. आणि आता मीच तिला सांगितलं की तो गेला.

करायचं काय, ते असं. अंगठा सांगेल तिथे इंजिन थांबवा. रोटर जिकडे बघतोय तीच एक नंबरची खुंटी, पुस्तक काही म्हणो. तिथून क्रम तोच. लगेच सुरू होईल.

तिला तीनदा न्या. वाटल्यास माझ्या नावाने शिव्या घालत न्या, पण न्या.

दादा

२५ मार्च

दादांना नमस्कार.

आनंदाची गोष्ट, गाडी सुरू झाली! परवा सकाळी. पहिल्या चावीला नाही, तिसरीला.

चूक माझीच होती. पुस्तकातलं चित्र मी उलट्या बाजूने धरून बघत होतो, त्यामुळे खुंट्यांची अदलाबदल झाली. तुम्ही बरोबर सांगत होतात, पुस्तकही बरोबर, हिचा अंगठाही बरोबर. मीच तेवढा अडाणी. तुम्हाला उगाच घोर लावला.

काल ही मशीनवर गेली. आता आठवड्यातून तीनदा जाईन म्हणते. तुम्ही गुडघ्यांना जपा.

बुवा

३१ मार्च

दादास,

तुझं पत्र आणि यांचं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं शुक्रवारी मिळालं. यांनी आधी एकट्याने वाचलं, मग मला वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून. मग चष्मा पुसत बसले. मी म्हटलं, उत्तर लिहा. म्हणाले, “मी आधीच लिहून बसलोय, आणि तेही खोटं.” म्हणून मी लिहिते.

चित्र उलटं धरलं वगैरे काही नाही. ते गाडीचं पुस्तक सुटून पानं पानं झालं होतं, ते यांनीच फेब्रुवारीत शिवून बांधलं. बांधणारा माणूस पान उलटं धरेल का? झालं ते असं. मी शुक्रवारी गेले नाही, त्यानंतर दोन आठवडे घरात कोणी धड बोलत नव्हतं. एका सकाळी मी आत पडले होते. यांनी माझ्या अंगठ्याऐवजी भोकात कागदाचा बोळा कोंबला आणि एकट्याने हँडल मारलं. दाब आला तसा बोळा फट्कन उडून छपराला लागला. पाच बोळे उडवले. मी ‘आता!’ म्हणाले होते त्याच जागी पाचही उडाले. मग तेलाने माखलेला बोळा घेऊन आत आले आणि माझ्या उशीवर ठेवला. म्हणाले, “तुझ्या हाताला काही झालेलं नाही. हा बघ साक्षीदार.” नवी उशी होती.

मग वायरी अंगठ्याप्रमाणे लावल्या आणि गाडी लागली. दांडा कोणी उलटा बसवला हे त्यांना तेव्हाच समजलं, दुसरं कोणी त्या इंजिनाला हातच लावलेला नाही. मला म्हणाले, दादांना कळू द्यायचं नाही. खोटं पत्र लिहून पेटीत टाकून आले आणि देवासमोर इतका वेळ बसून राहिले की मला वाटलं झोपले.

आता माझं ऐक. मी रागावले आहे. तू चूक केलीस म्हणून नाही. हात गेला असं समजून मी पंधरा दिवस काढले, त्याबद्दल. चमचा धरताना बघायची, कडी लावताना बघायची. परत असं करू नकोस. आणि कान गेले हे सांगायला नऊ वर्षं? मी मशीनवर जाते हे मी तुला तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं. तुला ऐकू आलं नाही ती गोष्ट निराळी.

गाडी चालते, पण इस्पितळाच्या अलीकडे मोठा चढ आहे, तिथे इंजिन खडखडतं, डब्यात खडे घातल्यासारखं. हे म्हणतात टायमिंग जरा पुढे बसलंय, ठिणगी लवकर पडते. डिस्ट्रिब्युटर इंचभर इकडे फिरवतात, इंचभर तिकडे, मग गाडी सुरूच होत नाही. आतापर्यंत दोनदा चढावर थांबलो. उद्यापासून बस नाही. तुला ऐकू येत नाही आणि यांच्या हाताला सवय नाही. दोघांचा मिळून एक मेकॅनिक होईल. रविवारी ये. गुडघ्यांचं कारण आता चालणार नाही.

धाकटी

१६ एप्रिल

दादांना नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही पाच दिवस राहिलात, पण घरात अजून तुमचा आवाज येतो. आपण किती मोठ्याने बोलतो हे तुम्हाला कळत नाही. शेजारीण विचारत होती, पाहुणे भांडून गेले का?

त्या सकाळी तुम्ही एक तळवा इंजिनावर ठेवलात, दुसऱ्या हाताने डिस्ट्रिब्युटर धरलात आणि मला म्हणालात, “ऐका, आणि गोड वाटलं की हात वर करा.” मी जन्मभर इंजिन म्हणजे आवाज एवढंच समजत होतो. तुम्ही केसभर फिरवायचात आणि माझ्या तोंडाकडे बघायचात. तुमच्यासारखा माणूस माझ्या तोंडाकडे बघून काम करतोय, याची मला आधी भीतीच वाटली. हात वर करायला मी तीनदा उशीर केला. चौथ्या वेळी केला, तेव्हा तुम्ही म्हणालात, “हो. माझ्या हातालाही तेच म्हणतंय.” बोल्ट आवळलात आणि डोळे टिपलेत. मी बघितलं नाही असं दाखवलं. एक खोटं लिहून झाल्यावर दुसरं सोपं जातं.

माझ्या त्या पत्राबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. तुमच्या पत्राबद्दल मीही काढला नाही. राहू दे तसंच.

तुम्ही गेल्यापासून चार खेपा झाल्या, एकही चुकली नाही. दमायला होतं. चारला उठणं, तिला उठवणं, परत आल्यावर उशिरा कामावर जाणं, मालकाचं तोंड बघणं. सगळं नीट चाललंय असं म्हणवत नाही, पण चाललंय. सुईत दोरा ओवताना आताशा डोळा लागतो.

आजचं लिहायचं होतं. निघालो तेव्हा उजाडत होतं. दोन किलोमीटरवरच तिने मान मागे टेकली. चढ आला. मी गिअर बदलला आणि कान देऊन होतो. खडखड नाही, काही नाही. इंजिन एका सुरात वर चढत गेलं. मी तिच्याकडे बघितलं, तिला सांगावं म्हणून, तर ती झोपलेली. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल. चढ संपला, उतार लागला, गाव आलं, तरी उठली नाही. इस्पितळाच्या फाटकात शिरून मी चावी फिरवली आणि इंजिन थांबलं. तेव्हा कुठे दचकून जागी झाली.

म्हणाली, “काय हो, बंद पडली?”

मी म्हटलं, “नाही गं. पोचलो.”

बुवा